मरणोत्तर तरतूद

केडम्पची सेवा सुरू आहे, असे सिस्टमडी हिरव्या अक्षरांत सांगते तेव्हा ते असत्य बोलत नसते. परंतु त्या दाखल्याचा अर्थ इतकाच, की दुसरे कर्नल राखीव मेमरीत चढवून ठेवलेले आहे. पहिले कर्नल कोसळल्यावर ते उठेल, डिस्क शोधेल आणि वीएमकोअर, म्हणजे कोसळलेल्या कर्नलच्या मेमरीचा डम्प, पुरता लिहून मगच यंत्र पुन्हा सुरू करील, याची हमी त्यात कोठेही नाही. या दोहोंमधील अंतर निस्तरण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला आहे.

आमच्या धंद्यातील कसोटी ठरीव असते. यंत्र नवे आले, की सिसआरक्यूला एक ‘सी’ धाडून ते मुद्दाम पाडायचे, आणि डम्पची फाइल जागेवर आली, की बंदोबस्त झाला असे समजून पुढच्या यंत्राकडे वळायचे. हे हुकमी मरण फार सभ्य असते. डिस्कवर ताण नसतो, कर्नलमधील कुलपे मोकळी असतात आणि जोडलेली लूनही (स्टोरेजने दिलेल्या डिस्क) मोजकीच असतात. खरे पॅनिक वर्षा-दीड वर्षाने येते. दरम्यान स्टोरेज विभागाने लूनांमागून लून जोडलेली असतात, प्रत्येक लूनला मल्टिपाथच्या चार-चार वाटा फुटलेल्या असतात, आणि दुसरे कर्नल उठून त्या साऱ्या वाटांची मोजदाद करू लागले, की त्या मोजदादीतच राखीव मेमरी आटून जाते व ओओएम-किलर नेमका डम्प लिहिणाऱ्या मेकडम्पफाइलचाच बळी घेतो. पडद्यावर यातील काही दिसेलच असे नाही, कारण तो बहुधा जुन्या कर्नलच्या अखेरच्या ओळींवर थिजलेला असतो. ज्याने सिरियल कन्सोल आधीच जोडून ठेवला असेल, त्यालाच ही कैफियत वाचावयास मिळते.

क्रॅशकर्नलचा, म्हणजे त्या राखीव मेमरीचा, आकडा बूट होताना ठरतो, हीच या विद्येतील हट्टी गाठ होय. चालू यंत्रात तो कमी करता येतो, वाढवता येत नाही. वाढवायचा तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची परवानगी काढावी लागते, आणि ज्या यंत्राचा डम्प सर्वांत मोलाचा, त्यालाच ती परवानगी सर्वांत उशिरा मिळते. रेड हॅटने पूर्वी या जागी ‘ऑटो’ हा शब्द चालवला होता. नवव्या आवृत्तीत तो रद्द करून सरळ कोष्टक दिले. साध्या इंटेल-एएमडी यंत्रांसाठी ४ गीगाबाईटपर्यंत १९२ मेगाबाईट, ६४ पर्यंत २५६ आणि त्यापुढे सरसकट ५१२, असे ते कोष्टक आहे. ते प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु ते यंत्राची मेमरी पाहते, लून पाहत नाही.

आता माझ्या अहंतेविषयी. ५१२ गीगाबाईटच्या यंत्रांतही मी २५६ मेगाबाईटांवर भागवीत आलो. इनिट-रॅम-एफएस छाटायचा, फायबर चॅनलचे ड्रायव्हर दुसऱ्या कर्नलला वर्ज्य करायचे, डम्प आतल्या साध्या डिस्कवर उतरवायचा, एकाच प्रोसेसरवर काम चालवायचे; मोजक्या शिध्यात पंगत उठवणाऱ्या आचाऱ्यासारखी मी या काटकसरीची शेखी मिरवीत असे. आमचे एक स्नेही प्रत्येक यंत्राला डोळे झाकून १ गीगाबाईट बहाल करीत, आणि त्यांच्या उधळेपणावर मी चहाच्या वेळी पुष्कळ बोललो आहे. अलीकडची मंडळी तर डम्पच मागत नाहीत. पडलेले यंत्र टाकून द्यावे आणि दुसरे उभे करावे, हा त्यांचा पक्ष. व्यवहार म्हणून तो मला मान्य आहे. पण ज्या ड्रायव्हरच्या दोषाने पहिले पडले, तोच ड्रायव्हर दुसऱ्यातही असतो, आणि वीएमकोअर उघडून त्यातला बॅकट्रेस वाचणारी माणसे मात्र आमच्या दालनात दोन-तीनच उरली आहेत.

त्यांतली एक माझ्या हाताखाली यंदा रुजू झाली. तिने विचारले, “सर, एवढ्या मोठ्या यंत्रात हे २५६ मेगाबाईट वाचवून आपण कोणाला देणार?” मी तिला डीएमएविषयी, ४ गीगाबाईटच्या खालील पत्त्यांविषयी बरेच काही ऐकवले, खरे उत्तर मात्र असे होते, की एवढ्याशा जागेत हा गृहस्थ डम्प आणतो, असे चार लोकांनी म्हणावे याची मला गोडी लागली होती. पुढे तिने एलकेडीटीएम नावाचे मॉड्यूल वापरले. २००६ साली आयबीएममधील अभियंत्यांनी केलेले हे मॉड्यूल कर्नलला ठरवलेल्या ठिकाणी पाडते. स्कझीची मागणी रांगेत शिरत असताना, किंवा हार्डवेअरचा इंटरप्ट हाताळला जात असताना. सारी लून जोडलेली आणि डिस्कवर पुरता ताण, अशा अवस्थेत तिने यंत्र पाडले, सिरियल कन्सोलवरची प्रत्येक ओळ टिपली, ५१२ मेगाबाईटांची मागणी लिहिली, आणि मी तीवर सही केली.

स्टोरेज विभागातील मंडळींना एवढीच विनंती, की नवी लून जोडाल तेव्हा आम्हांस एका ओळीने कळवावे, म्हणजे पुढच्या देखभालीच्या रात्री ते यंत्र आम्ही पुन्हा पाडून पाहू.