भयाकडून भरवशाकडे

भिलाईहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी दुर्ग ओलांडून थोड्याच वेळात राजनांदगावला पोहोचते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. त्या निमित्ताने देशाच्या नाना प्रांतांतून माणसे येथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. परंतु या मुलखाशी मराठी साहित्याचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे. शेजारचे राजनांदगाव त्या काळी एक लहानसे संस्थान होते, आणि तेथे नोकरीसाठी निघालेल्या एका कवीच्या प्रवासाने मराठी वाङ्मयाला एक निराळे वळण दिले. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक.

१८९३ च्या सुमारास आगगाडीच्या डब्यात टिळकांची एका अपरिचित युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. काव्यावरून संभाषण धर्मावर गेले आणि निरोपाच्या वेळी त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुस्तक वाचीत वाचीत टिळक डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथून त्यांना पुढे सुटका उरली नाही. ज्या प्रवचनाने त्यांना बांधून ठेवले, त्यातच उद्याची चिंता वाहू नये, हा उपदेश आहे. त्यासाठी दृष्टान्त घेतले आहेत ते आकाशातील पाखरांचे आणि रानातील फुलांचे. पुढे फुलांमुलांचा कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला हे प्रवचन भेटावे, यात एक सुंदर योग आहे.

मात्र चिंता करू नये असे वाचणे वेगळे आणि त्याप्रमाणे जगणे वेगळे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या अंतःकरणातील तळमळ ज्या क्षणी शमली, त्याच क्षणापासून पत्नीच्या वाट्याला तळमळ आली. लक्ष्मीबाई तेव्हा ऐन तारुण्यात होत्या आणि दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा होता. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, आणि समाजाच्या लेखी या अवस्थेला नावही नव्हते. श्रद्धेच्या विजयाच्या कथा सांगताना ही बाजू बहुधा झाकली जाते. एकाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्याला भयाच्या रूपाने मोजावी लागते, हे 'स्मृतिचित्रे' जितक्या निखळपणे सांगतात तितके फार थोडी पुस्तके सांगतात.

लक्ष्मीबाईंना भय नवे नव्हते. १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूरला ज्या घरात त्या जन्मल्या, त्या घरावर वडिलांच्या सोवळ्याची सतत सावली होती. कशाला शिवावे आणि कशाला शिवू नये, या धास्तीतच तेथील दिवस उगवत आणि मावळत. विटाळाचे भय हे एक विलक्षण भय आहे. ते वाघाचे वा चोराचे नसते, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे असते. म्हणूनच ते धैर्याने जात नाही. त्या माणसाशी असलेले नाते बदलले तरच ते जाते.

चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पुन्हा पतीजवळ आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी सांभाळूनच त्या राहिल्या. टिळकांनी घाई केली नाही, हा त्यांच्या श्रद्धेचा खरा मोठेपणा. पुढे जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्याचे उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचा निश्चय झाला. १९०० मध्ये झालेला त्यांचा बाप्तिस्मा या निश्चयाच्या मागाहून आला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांच्या बाबतीत भीतीवरचा जय आधी ओंजळीतल्या पाण्यात दिसला आणि मग उपासनेत. त्या घरात पुढे किती अनाथ मुले वाढली! जेथे स्पर्शाचे भय होते तेथे स्पर्शाची माया आली.

श्रद्धेने चिंता समूळ नाहीशी झाली काय? तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापला. अशा नवऱ्याच्या घरात उद्याच्या पिठामिठाची काळजी गृहिणीलाच वाहावी लागते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ख्रिस्तचरित्रातही गेथशेमाने बागेतील रात्र आहेच. तेथे स्वतः येशू व्याकूळ होतो आणि शिष्यांची सोबत मागतो. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी अशी रात्र आहे, तो धर्म भक्ताला निर्भयतेचे कवच देऊ करीत नाही. भय वाटले तरी पुढे जाता येते, आणि एकट्याने जावे लागत नाही, एवढेच तो सांगतो.

याच राजनांदगावात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध राहिले. मराठी घरातील या हिंदी कवीने भयाचाच शोध घेतला, पण त्याचा मार्ग श्रद्धेचा नव्हता. त्यांच्या 'अंधेरे में' या दीर्घ कवितेतील काळोख सामाजिक आहे. तरीही भयाला त्याच्या नावाने हाक मारल्यावाचून त्यातून सुटका नाही, या एका जाणिवेवर हा कवी आणि लक्ष्मीबाई नकळत जवळ येतात.

लक्ष्मीबाईंनी ती हाक विनोदाने मारली. स्वतःच्या घाबरटपणावर, अज्ञानावर, सोवळ्यावर त्या मनमुराद हसल्या, आणि ते हसू कोणालाही बोचले नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि त्याचे बहुतेक अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, तेव्हा काव्याचा शेवट राहिला होता. तो मुलाने लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. काम आपल्या हातून पुरे होईल की नाही, या काळजीने लेखणी थांबली नाही. उरलेले दुसरे कोणी पुरे करील, या भरवशावर ती अखेरपर्यंत चालत राहिली.