माजघरातली खिडकी

घराची वाटणी झाली आणि माजघरातली खिडकी नकोशी झाली. पलीकडे आता काकांचं बिऱ्हाड. विटा लावायच्या तर ओल, राडा, खर्च. म्हणून आप्पांनी साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड आणला. चौकटीत पत्र्याचे चॅनेल ठोकले. मी बोर्ड धरला, त्यांनी स्क्रू पिळले. सांध्यावर जाळीची पट्टी, वर पुट्टी. वाळल्यावर घासून रंग. इथं खिडकी होती हे पाहुण्याला सांगूनही पटू नये!

याच खिडकीतून काकू मला दूध द्यायची. दहावीला इंग्रजीचे धडे मी तिलाच वाचून दाखवले. तिला अक्षरओळख नाही, तरी म्हणायची, "अडखळलास रे!"

बोर्ड एकाच बाजूनं लावलाय. रात्री पलीकडचा काकूचा खोकला स्वच्छ ऐकू येतो. मी जरा मोठ्यानं वाचतो.