गप्प बसायची वेळ

गेल्या आठवड्यात आमचा एक रिलीज आपटला. रात्री दोनला रोलबॅक, सकाळी दहाला मीटिंग! आणि सगळं खापर फुटलं टीममधल्या सर्वांत ज्युनिअर मुलीच्या डोक्यावर. "टेस्टिंग नीट झालं नाही." आता, टेस्टिंगचे चार दिवस कापून दोन कुणी केले हे मला पक्कं माहीत होतं. त्या कॉलवर मी होतोच की! तरी वहीत रेघोट्या मारत बसलो.

नंतर चहाच्या टपरीवर मात्र मला कंठ फुटला. "असं सगळं मेलवर लिहून घ्यायचं असतं गं", "मनाला लावून घेऊ नकोस" वगैरे वगैरे. ती नुसतं "हो" म्हणाली आणि चहा अर्धा टाकून गेली.

मी काही ख्रिश्चन नाही, पण बायबल अधूनमधून वाचतो. कधी बोलावं याचे नियम त्यात शोधायला जावं तर पंचाईत होते. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात मूर्खाला उत्तर देऊ नये आणि द्यावं, असे दोन्ही सल्ले लागोपाठ आहेत! म्हणजे प्रसंग आपणच ओळखायचा.

त्यासाठी दोन गोष्टी आहेत. ईयोबाची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले. तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि 'तुझंच काहीतरी चुकलं असणार' हे पटवायला लागले. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर.

दुसरी एस्तेर. आपल्या ज्यू लोकांच्या कत्तलीचा हुकूम निघालेला. न बोलावता राजासमोर जाणाऱ्याला मृत्युदंड. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच सुटका. ती राणी असली तरी नियम तोच. तरी ती गेली, कारण राजापर्यंत पोचू शकणारी तीच होती.

थोडक्यात, दुःखी माणसाशेजारी गप्प बसायचं आणि सत्तेसमोर बोलायचं. मी बरोब्बर उलटं केलं होतं. आणि माझ्यापुढे मृत्युदंड नव्हता हो, फार तर अप्रेझल!

आज रविवार. मॅनेजरला आणि त्या मीटिंगमधल्या सगळ्यांना मेल लिहिलाय: दिवस कधी कापले, कुणी कापले आणि मी तिथे असून गप्प होतो. तीनच ओळी. लिहायला दोन तास लागले.

पाठवला. उद्या तिला फक्त सॉरी म्हणायचंय. पुढे एक शब्दही नाही.