आजीच्या लुगड्याचा रंग कोणता?

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. आभाळाचा रंग कोणता? "निळा!" असं तुम्ही सगळे एका सुरात ओरडाल. बरं, आता असं करा. एखाद्या स्वच्छ दिवशी अंगणात उभे राहा आणि डोक्यावरच्या आभाळापासून नजर हळूहळू खाली क्षितिजापर्यंत आणा. डोक्यावर गडद निळा, खाली येता येता फिका निळा आणि डोंगराच्या कडेला तर जवळजवळ पांढरा! मग सांगा, निळा रंग नेमका कुठे संपला आणि पांढरा कुठे सुरू झाला? बोट ठेवून दाखवता येतं का? नाही येत. एक रंग असा नकळत दुसऱ्यात विरघळत जातो, तेव्हा तिला आपण उतरती छटा म्हणू. संगणकावर फोटो सजवताना हिलाच 'ग्रेडियंट' म्हणतात.

आम्ही शाहूवाडी तालुक्यातली माणसं तर या उतरत्या छटेच्या शेजारीच राहतो. पाऊस उघडला की आंबा घाटाच्या माथ्यावरून बघावं. जवळचा डोंगर हिरवागार, त्याच्या मागचा निळसर, त्याच्या मागचा फिका निळा आणि शेवटची रांग आभाळातच मिसळलेली. खरं म्हणजे झाडं सगळ्याच डोंगरांवर हिरवी आहेत. मग दूरचा डोंगर निळा का? कारण तो आणि आपण यांच्यामध्ये खूप हवा असते. सूर्याचा प्रकाश त्या हवेत विखुरतो आणि तांबड्यापेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरतो. त्या विखुरलेल्या प्रकाशाचा पातळ पडदा डोंगरावर पडतो. डोंगर जितका लांब, तितका पडदा दाट.

चित्रकारांनी ही गोष्ट फार पूर्वीच हेरली होती. इटलीच्या लिओनार्दो द व्हिंचीने ५०० वर्षांपूर्वी आपल्या टिपणांत ती लिहून ठेवली. आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात हिंडून निसर्गचित्रं काढत. चित्रपट काढण्याआधी बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. कापड सपाट, पण त्यावर दूरचं आभाळ दिसायला हवं! ती किमया उतरत्या छटेचीच. आणि कशाला, तुमची ताई दिवाळीत रांगोळीच्या पाकळीत गुलाबी रंग भरून तो कडेला पांढऱ्यात हलकेच पुसते ना? तीही हेच करते.

आता संगणक हे कसं करतो ते पाहू. संगणकाला रंग दिसत नाहीत, फक्त आकडे कळतात. फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे असतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामध्ये. तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. समजा, पट्टीच्या डाव्या टोकाला तांबडा ४० आहे आणि उजव्या टोकाला २४०. पाच पावलांत जायचं आहे. मग आकडे येतील ४०, ८०, १२०, १६०, २००, २४०. झाली उतरती छटा! पावलं थोडी असतील तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात, पुष्कळ असतील तर घसरगुंडी.

आमच्या शाळेत एक संगणक आहे. त्यावर 'गिम्प' नावाची फुकट मिळणारी आज्ञावली आहे. अमेरिकेतल्या दोन कॉलेजकुमारांनी ती तयार केली आणि १९९६ साली सगळ्यांसाठी खुली केली. एप्रिलमध्ये भर दुपारी मैदानावर काढलेला सातवीच्या मुलांचा एक फोटो आम्ही तिच्यात उघडला. उन्हाने आभाळ पांढरंफटक आलं होतं. मुलं म्हणाली, "बाई, आभाळ निळं करू या."

फोटोवर एक पारदर्शक थर टाकला. त्यात वर गडद निळा आणि खाली काहीच नाही, अशी छटा ओढली. मग थर मिसळायची पद्धत निवडली 'मल्टिप्लाय', म्हणजे चक्क गुणाकार! खालच्या ठिपक्याचा आकडा गुणिले वरच्या थराचा आकडा, भागिले २५५. आभाळाचा पांढरा २५५ होता, तिथे पुरा निळा उतरला. मुलांच्या केसांचा आकडा ० च्या जवळ, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच! म्हणून केस काळेच राहिले. पण मागच्या ओळीतल्या उंच मुलांचे पांढरे शर्ट? ते निळे झाले की हो! वर्ग खो खो हसला. मग शर्टांवरचा रंग पुसून घेतला.

एकाला तेवढ्याने समाधान होईना. त्याने वर जांभळा, मध्ये केशरी, खाली पिवळा अशी छटा ओढली. झकास सूर्यास्त झाला! सगळे खूश. एवढ्यात पुढच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, संध्याकाळ झाली, मग सावल्या पायाशीच कशा?"

शाबास! सूर्य मावळताना सावली लांबलचक पडते. फोटोतल्या सावल्या मात्र आखूड, दुपारच्या होत्या. आभाळ एक सांगत होतं आणि जमीन दुसरंच. यात वाईट काही नाही, बरं का. गंमत म्हणून केलेलं चित्र गंमतीचंच असतं. पण गंमत कुठली आणि खरं कुठलं, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

ते ठाऊक असणं किती मोलाचं असतं, हे पुढच्याच आठवड्यात कळलं. सातवीतली एक मुलगी घरून एक कृष्णधवल फोटो घेऊन आली. तिचे आजी-आजोबा लग्नानंतर जोतिबाच्या यात्रेला गेले, तेव्हा तिथे काढलेला. आजोबा आता नाहीत. दोघांचा मिळून हा एकच फोटो. तिला तो रंगीत करून आजीला द्यायचा होता.

फोटोत रंग भरायची हौस काही आजची नाही. रंगीत फोटो येण्याआधी स्टुडिओतले कारागीर बारीक कुंचल्याने फोटोवर रंग चढवत. मूकपटांच्या काळात फितीचे तुकडेच रंगात बुडवत: रात्रीचा प्रसंग निळा, आगीचा तांबडा. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' हा रंगीत बोलपट काढायचं धाडस केलं. रंगाचं काम पार जर्मनीत करून घेतलं, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसांनाही रंगाने चकवलं होतं!

आमच्यापुढचा पेच मात्र वेगळाच होता. आजीच्या लुगड्याचा रंग कोणता? फोटोत ते करडं दिसत होतं. पोरं म्हणाली हिरवं, नव्या नवरीचं हिरवंच असणार. मुलीच्या दादाने मोबाइलवर आपोआप रंग भरणारं ॲप चालवून पाहिलं, तर त्याने ते निळं केलं. आता खरं कुणाचं?

इथे पुन्हा गणित करू. रंगीत फोटो करडा करताना संगणक साधारणपणे तांबड्याचे १०० पैकी ३०, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ असे भाग धरतो. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात उजळ भासतो, म्हणून त्याचा वाटा मोठा. आता २५५ तांबडा घ्या, बाकी दोन्ही शून्य. करडा येतो सुमारे ७६. दुसरीकडे १३० हिरवा घ्या, बाकी शून्य. करडा येतो पुन्हा सुमारे ७६! म्हणजे लालभडक लुगडं आणि गर्द हिरवं लुगडं, दोन्ही एकसारखी करडी. कॅमेऱ्याच्या फितीचं गणित थोडं वेगळं असतं, पण गोष्ट तीच: एकदा रंग गेला की नुसता फोटो बघून तो परत काढता येत नाही. ॲप सांगतं तो अंदाज. त्याने हजारो दुसरे फोटो पाहिलेले असतात, पण हे लुगडं पाहिलेलं नसतं.

ते पाहिलेलं एकच माणूस होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलगी आजीला हाताला धरून घेऊन आली. आजी पडद्यावरच्या मोठ्या केलेल्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ते लुगडं माझं न्हवतंच. जावंचं हुतं. माझं फाटकं, म्हणून तिनं तिचं नेसाय दिलं. अंजिरी हुतं."

नातीला हे ठाऊक नव्हतं. तिच्या वडिलांनासुद्धा नव्हतं. फोटो भिंतीवर होता आणि गोष्ट आजीच्या मनात होती, पण रंग कोणता, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

अंजिरी म्हणजे नेमका कोणता? पिकल्या अंजिराचा तांबूस जांभळा. आम्ही पडद्यावर चार चौकोन काढले, प्रत्येकात थोडा वेगळा अंजिरी. आजींनी तिसऱ्यावर बोट ठेवलं, "ह्यो!" मग लुगड्यापुरता भाग निवडून त्यावर छटा बसवली. यात संगणक प्रत्येक ठिपक्याचा उजेड मोजतो आणि त्याप्रमाणे रंग देतो. निऱ्यांच्या खोलगट भागाला काळपट अंजिरी, मधल्या भागाला खरा अंजिरी, उन्हाच्या भागाला फिका. एकच सपाट रंग दिला असता तर वर कागद चिकटवल्यासारखं दिसलं असतं. छटेमुळे नीरी नीरी उठून आली. आजी हळूच म्हणाल्या, "आगा बाई, माझी जाऊच हुबी हाय जणू."

आजोबांच्या पटक्याचा रंग मात्र त्यांना आठवेना. "लाल असंल... न्हाय, न्हाय सांगता येत." पोरं म्हणाली, लालच करून टाकू, छान दिसेल. नातीने मान हलवली. म्हणाली, "नको. आजीला आठवंल तेव्हा करू." पटका करडाच राहिला. मला विचाराल तर त्या फोटोत सगळ्यात खरी जागा तीच आहे.

मुलांनो, तुम्हीही हे करून पाहा. छटा ओढा, आभाळ जांभळं करा, डोंगर सोनेरी करा, मनसोक्त खेळा. फक्त दोन गोष्टी पाळा. मूळ फोटोला हात लावू नका. त्याची नक्कल करून घ्या आणि प्रयोग नकलेवर करा. दुसरं, घरातल्या जुन्या फोटोत रंग भरायचा असेल तर आधी वहीत तीन रकाने आखा: वस्तू, रंग, कुणी सांगितला. जिथे 'कुणी सांगितला' हा रकाना रिकामा राहील, तिथे करडा राहू द्या.

आणि पालकांना एक सांगणं. मुलं प्रश्न विचारायला येतील तेव्हा "काय करायचाय तुला रंग?" असं म्हणू नका. पेटीतले फोटो काढा, आजी-आजोबांजवळ बसा. फोटो पुष्कळ वर्षं टिकतात. त्यातले रंग सांगणारी माणसं तेवढी टिकत नाहीत. तेव्हा हे काम सुट्टीवर ढकलू नका, आज संध्याकाळीच विचारा.