सोनपेठच्या स्वयंपाकघरातील पंचांग

परभणी जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला सोनपेठ तालुका आहे. उत्तरेला गोदावरीपलीकडे पाथरी, पूर्वेला संत जनाबाईंचे गंगाखेड आणि दक्षिणेला परळी वैजनाथ, अशा तीन प्रसिद्ध गावांच्या मधले हे गाव. प्रवासी बहुधा येथे थांबत नाही; परळीहून पाथरीकडे जाताना चहापुरता उतरला तर उतरतो. चहूकडे काळीभोर जमीन, ऋतूप्रमाणे रंग बदलणारी. पाहण्यासारखे येथे काय आहे, असे कोणी विचारले, तर त्याला आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी यावे, एवढेच सांगता येईल.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हापासून मारवाडातून आलेली जैन व्यापारी घराणी या भागातील पेठांमध्ये स्थिरावली. त्यांच्याही आधीपासून मराठी बोलणारे सैतवाल आणि इतर जैन समाज येथील मातीत रुजलेले होते. कापड, किराणा, भुसार आणि आडत हे व्यवसाय, तर शेतकरी हा शेजारी, गिऱ्हाईक आणि माल आणणारा, असा तिहेरी संबंध. या शेजाऱ्याला एक कुतूहल पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, पुष्कळ घरांत वांगेही नाही; मग ही माणसे जेवतात तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या वाड्यातील स्वयंपाकघरात वर्षभर राहिल्यास मिळते. त्या वाड्यातील सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. मधली सून पुण्यात वाढलेली. दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटले होते, की या घरात ‘चालत नाही’ या दोन शब्दांखेरीज स्वयंपाकाचे शास्त्रच नाही. पहिल्याच आषाढात तिने फोडणीवर कोथिंबीर घालण्यासाठी हात पुढे केला आणि सासूबाईंनी तो हळूच अडवला. “आता कार्तिकी पुनवेपर्यंत पाला नाही, बाई.” त्या दिवशी सुनेला तो केवळ नकार वाटला.

श्वेतांबर परंपरेत फाल्गुन शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आठ महिने, पालेभाजी वर्ज्य. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पाल्यावर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती अधिक. म्हणून हा संयम. उरलेले चार महिने थंडीचे. नियम अहिंसेसाठी झाला; पण सोनपेठच्या काळ्या रानात तो पिकाच्या चालीशी इतका जुळून येतो, की तो जणू येथील शेतकऱ्याला विचारूनच ठरवला असावा.

कार्तिकी पौर्णिमा उलटली की बाजारात रब्बीचा पहिला पाला येतो. ज्वारीच्या शेतात करडईचे पट्टे पेरण्याची या भागाची जुनी रीत आहे. पुढे करडईला काटे येतात आणि ती गुरांपासून पिकाचे रक्षण करते. परंतु कोवळी असताना तिची विरळणी करावी लागते आणि उपटलेली तीच रोपे जुड्या बांधून बाजारात येतात. हरभऱ्याचेही तसेच. पीक महिना-सव्वा महिन्याचे झाले की शेंडे खुडतात. त्याने झाड पसरते, फुटवे वाढतात आणि घाटेही अधिक लागतात. म्हणजे ही भाजी ताटात येते ती पिकाचे नुकसान करून नव्हे. हे सुनेला बाजारात बसलेल्या एका शेतकरी मावशींनीच समजावले.

करडईची भाजी सासूबाई बारीक चिरून, आधी भिजवलेल्या मूगडाळीबरोबर वाफवतात. फोडणीला हिंग, जिरे आणि हिरवी मिरची, वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. हरभऱ्याच्या पाल्याला अंगचीच आंबट चव असते, त्यामुळे चिंच लागत नाही. थोडे ज्वारीचे पीठ लावून ती घोटायची. लसणाची उणीव हिंगाने भरून निघते आणि आल्याच्या जागी सुंठ येते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतची हळद प्रसिद्धच आहे. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य, पण वाळलेली चालते. पाला निवडण्याचे काम मात्र घाईचे नव्हे. प्रत्येक पान उजेडात उलटून पाहायचे. “ही यतना आहे,” सासूबाई म्हणतात, “वेळ लागतोच.”

मार्गशीर्ष अमावास्येला वेळअमावास्या येते. लातूर-धाराशिवकडे हा सण मोठा, आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यातही शेतकरी शेतात कोप करून पूजा मांडतो, ओळखीच्यांना वनभोजनाला बोलावतो. आडत दुकानाच्या घराला चार-पाच शेतांतून आमंत्रण असते. आता पेच असा, की भज्जीत लसूण, आंबील रात्रभर आंबवलेली, आणि अमावास्येला घरातील वडील माणसे हिरवे घेत नाहीत. न जावे, तर वर्षानुवर्षांच्या संबंधात खोट येते. सासूबाई प्रत्येक वर्षी जातात. एका शेतकऱ्याच्या घरी त्यांच्यासाठी चुलीचा एक कोपरा वेगळा राखलेला असतो. त्यावर त्याच सकाळी केलेले बाजरीचे ताजे उंडे, गूळ आणि तूप. त्यांना कोणी आग्रह करीत नाही आणि त्या कोणाच्या ताटाकडे पाहत नाहीत. दिवस मावळायच्या आत सगळे घरी परततात. यजमानाने पाहुण्याचा नियम जपायचा आणि पाहुण्याने यजमानाच्या आनंदात सामील व्हायचे, हा व्यवहार कोणत्याही वहीत लिहिलेला नाही. पण पेठेतील उधारी ज्या विश्वासावर चालली, तो विश्वास अशाच बांधांवर वाढला.

पौष-माघात तुरीच्या शेंगा येतात, त्यामागून हरभऱ्याचे डहाळे. शेंग सोलून प्रत्येक दाणा पाहिल्याशिवाय भांड्यात पडत नाही. सोलाण्याची आमटी, तुरीच्या दाण्यांची उसळ, कोवळ्या ज्वारीचा हुरडा आणि त्यावर तिळाची चटणी. ज्वारी घरात शक्यतो रब्बीचीच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ सालची, ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी ज्योती’ असे रब्बी ज्वारीचे वाण दिले. मोत्यासारखा दाणा म्हणजे काय, हे भाकरी तव्यावर फुगली की कळते.

फाल्गुन शुद्ध चतुर्दशीला पाला थांबतो. बाहेर उन्हाचा कडाका वाढत असतो, आणि पाहता पाहता बाजारातील पालाही कोमेजू लागतो. चैत्रात कैरी आणि हरभऱ्याची भिजवलेली डाळ. याच महिन्यात नऊ दिवसांची आयंबिलची ओळी. तेव्हा तूप, तेल, दूध, दही, गूळ काही नाही. दिवसातून एकदा उकडलेले मूग किंवा उडीद आणि कोरडी भाकरी. ज्याने हिवाळ्यात भरपूर चव घेतली, त्याला ही नऊ दिवसांची विश्रांती जड जात नाही. वैशाखात आंबा येतो. पण सूर्य आर्द्रा नक्षत्रात गेला, म्हणजे २१-२२ जून उलटला, की घरातील आंबाही बंद. पाऊस लागल्यावर फळात अळी होते, हे आंबेवालाही नाकारीत नाही.

चातुर्मासात खरी कसोटी. तेव्हा वेलीच्या भाज्या आधाराला येतात: दोडका, दुधी, गिलके, सोबत गवार आणि भेंडी. ज्या तिथींना हिरवे नाही, त्या दिवशी डाळी-कडधान्ये. मूग याच दिवसांत शेतातून नवा निघतो. नव्या मुगाची आमटी गोडसर लागते. मारवाडाची आठवण गट्ट्यांत असते, मराठवाड्याची येसराच्या आमटीत. कढी करताना ताक आधी चांगले तापवायचे, मगच त्यात बेसन. कच्चे दही-ताक आणि डाळ एकत्र आले तर द्विदलाचा दोष. पिठाचीही मर्यादा आहे. दिगंबर घरांत पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस, त्यानंतर ते पीठ वापरायचे नाही. म्हणून दळण थोडे आणि ताजे. वाड्यातील सुनेला प्रारंभी ही गिरणीची वारंवार फेरी नकोशी वाटे. आता मोठ्या पिशवीतील आयते पीठ तिलाच रुचत नाही.

एवढे सगळे सुरळीत चालले आहे, असे मात्र नाही. गेल्या काही दशकांत सोयाबीनने शिवार व्यापले आणि पाणी आले तेथे ऊस आला. ज्वारीतील करडईचे पट्टे विरळ झाले; त्याबरोबर करडईचे घाण्याचे तेल गेले आणि कोवळी भाजीही गेली. दुसरीकडे पालक, मेथी, कोथिंबीर बारा महिने मिळते. घरातील मुले पुणे, संभाजीनगर, हैदराबाद येथे शिकायला गेली. नियम पाळणारे अजून पुष्कळ आहेत, पण नियमाच्या दिवशी काय रांधायचे हे सांगणारे कमी झाले. मग संयमाच्या ताटात बाजारची पाकिटे आणि मैद्याचे पदार्थ येतात. कांदा-लसूण नसतो, एवढाच काय तो नियम उरतो. ऋतू नाहीसा होतो.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई आजारी पडल्या. दीड महिना त्या अंथरुणावर होत्या आणि स्वयंपाकघर सुनेकडे होते. कार्तिकी पौर्णिमा आली, गेली; पण करडई कधी घ्यायची, ती कोवळी कशी ओळखायची, हे तिला ठाऊक नव्हते. ती बाजारात गेली तेव्हा रोपे काटेरी झाली होती. घरी येऊन ती आजारी सासूबाईंच्या उशाशी बसली. “आत्याबाई, यंदाची भाजी माझ्याकडून राहिली.” सासूबाई म्हणाल्या, “भाजीचे काय, पुढच्या वर्षी येईल. सांगणारी नसली तर मात्र राहील.”

त्याच आठवड्यात दुकानातील एक कोरी लाल वही वर आली. दुपारी सासूबाई सांगत आणि सून लिही. डाव्या पानावर तिथी, बाजारात काय आले आणि भाव. उजव्या पानावर घरात काय रांधले, कोणाचे आयंबिल, कोणाचा उपवास. जमेची आणि नावेची ही मांडणी व्यापाऱ्याच्या घराला परकी नाही. वर्षाअखेर वही पाहिली तेव्हा सुनेच्या ध्यानात एक गोष्ट आली: ज्या आठवड्यात जे विपुल पिकते, तेच त्या आठवड्यात स्वस्त असते, आणि पंचांग बहुतेक वेळा तेच घ्यायला सांगते. भाजीचा खर्चही आधीपेक्षा कमी झाला होता.

पुढचे पाऊल दुकानाने उचलले. ओळखीच्या एका शेतकऱ्याला मालकांनी सांगितले, “ज्वारीत पूर्वीसारखे करडईचे चार तास टाका. विरळणीची भाजी घरी घेऊ, बी निघेल ते सगळे दुकानावर आणा.” शेतकरी हसला. “मालक, कोणी विचारीत नव्हतं म्हणून पेरत नव्हतो.” शिवारात काय पेरले जाईल हे पाऊस ठरवतो, सरकारी भाव ठरवतो, पण थोडेसे पेठही ठरवते. आणि पेठेत आजही पुष्कळ दुकाने याच समाजाची आहेत.

गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजारी सासूबाई काठी टेकत स्वतः गेल्या. सुनेने एक जुडी उचलली, पानाची कड बोटाने चाचपून पाहिली, काटा लागला नाही. तिने सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. भाव न करता पैसे देऊन दोघी घरी आल्या. त्या दिवशीच्या डाव्या पानावर एकच नोंद आहे: करडई, दोन जुड्या, कोवळी.