क्षिप्रेच्या उगमाशी

यंदा इयत्ता चौथीच्या मुलांना घेऊन आम्ही इंदूरजवळच्या उज्जैनी गावी गेलो. क्षिप्रेचा उगम दाखवावा, हा हेतू. वर्गात नकाशावर शिकवलेच होते : क्षिप्रा उत्तरेला जाऊन चंबळेला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. नर्मदा मात्र विंध्याचलाच्या पलीकडे, पश्चिमेला वाहते.

वाटेत मुलांनी माळव्याची काळी माती हातात घेतली, गव्हाची शेते पाहिली. कुंडाशी पोचलो, तर तेथील शेतकरी काका म्हणाले, “यो तो नरमदाजी को पाणी हे.” खरेच होते. क्षिप्रा कोरडी पडू लागल्याने २०१४ पासून नर्मदेचे पाणी पाइपांतून घाट चढवून येथे सोडतात.

एका मुलीने विचारले, “मग नकाशा चुकला का?”

आम्ही क्षणभर गप्पच झालो. उत्तर काकांनी दिले. नकाशा बरोबर आहे. पण बोअर खोल गेले, डोंगरावरची झाडे गेली, तशी नदी आटली.

परतताना बसमध्ये मुलांनीच हिशेब मांडला. आपल्या नळालाही नर्मदाच येते, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून. म्हणजे आपण नदीही उसनी घेतो आणि पाणीही!

“क्षिप्रेचा उगम कोठे होतो?” हा प्रश्न आम्ही दरवर्षी चाचणीत विचारतो. यंदा त्याला एक ओळ जोडली आहे : “आज तेथे पाणी कोठून येते, आणि का?” पालकांनीही मुलांसोबत बसून हा प्रश्न सोडवून पाहावा, ही विनंती.