बिऱ्हाड चाकांवर

माणूस जिवंत आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार सरकारने यमाच्या खालोखाल आम्हा बँकेच्या कारकुनांना दिला आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आमच्या खिडकीपुढे रांग लावतात आणि आम्ही एकेकाला आपादमस्तक न्याहाळून त्यांचा हयातीचा दाखला जमा करून घेतो. सही जुळली की माणूस पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत! २०१४ सालापासून हा दाखला यंत्रावर बोट टेकवून देता येऊ लागला आणि २०२१ पासून तर मोबाइलपुढे नुसता चेहरा धरला तरी सरकारची खात्री पटते. (काही चेहरे पाहून ती कशी पटते, ते सरकारच जाणे.) यामुळे आमची रांग आखडली हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोव्हेंबरात गावात हजर राहण्याच्या सक्तीतून म्हातारी माणसं सुटली. आता कुठेही जाऊन जिवंत राहता येतं.

या सवलतीचा पहिला फायदा आमच्या निवृत्त हेडकॅशियरसाहेबांनी घेतला.

साहेबांनी चौतीस वर्षं सांगलीत जाळीच्या पिंजऱ्यात बसून नोटा मोजल्या. इतकी वर्षं पिंजऱ्यात काढल्यावर वाघसुद्धा बाहेर यायला कचरतो. साहेबांना मात्र निवृत्तीनंतर उलटीच हुक्की आली. त्यांचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथे थंडीत तलाव गोठतात आणि माणसं त्यावरून मोटारी नेतात. त्याच्या शेजारचं एक म्हातारं जोडपं म्हणे दरवर्षी थंडी पडायच्या आत आपल्या घर-मोटारीत बसतं आणि हजारो मैल दक्षिणेला ऍरिझोनात जाऊन राहतं. मोटारीतच पलंग, मोटारीतच चूल, मोटारीतच संडास. तिकडे क्वार्ट्‌झसाइट नावाचं वाळवंटातलं एक गाव आहे. उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं आणि हिवाळ्यात अशा गाड्यांची जत्रा भरते. सरकारने मुक्कामाची मैदानं आखून दिली आहेत. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण गणपतीपासून गुढीपाडव्यापर्यंत, परवाना घेऊन राहावं. अशा मैदानांवर राखणीला बहुधा एखादं म्हातारं जोडपंच असतं. त्यांनी इतरांवर लक्ष ठेवायचं आणि त्या बदल्यात फुकट राहायचं. साहेबांना ही योजना फारच पसंत पडली. म्हातारपणी दुसऱ्यावर लक्ष ठेवायला फुकट जागा कोण देतो?

साहेबांनी हा बेत मुलाला फोनवर सांगितला. मुलगा तिकडून ओरडला, “बाबा, ते त्यांचं ठीक आहे. तुम्हाला ते सुरक्षित नाही!”

ही बातमी फुटताच गावभागातल्या प्रत्येकाने साहेबांना सुरक्षिततेवर व्याख्यान दिलं. रात्री चोर येतील. ट्रक धडकेल. काकूंचं ब्लडप्रेशर वाढलं तर डॉक्टर कुठून आणणार? साहेब सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत, “२०१९ च्या ऑगस्टात तुम्ही कुठं होता?” यावर सांगलीचा माणूस गप्पच बसतो. त्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. २००५ ला आलं तेव्हा लोक म्हणाले, असा पूर पुन्हा होणे नाही. २०१९ ला तो मोडला आणि २०२१ ला नदी पुन्हा घराची चौकशी करून गेली. साहेबांचं घर दगडी, कड्या-कोयंडे पितळी, दाराला तीन कुलपं. पाणी कुलूप न उघडता आत आलं. साहेब-काकूंना माळ्यावरून होडीत उतरवावं लागलं. “घराला चाकं असती,” साहेब म्हणत, “तर आदल्या दिवशी विश्रामबागेत नेऊन उभं केलं नसतं का?”

म्हणून त्यांनी ग्रॅच्युइटीतले उरलेले पैसे मोडून एक जुना टेंपो ट्रॅव्हलर घेतला. या गाडीने आयुष्यभर वऱ्हाडं वाहिली होती. मागल्या काचेवरचा ‘चि. सौ. कां.’चा कागद खरवडून निघाला नाही, म्हणून तो तसाच ठेवला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, त्याला आर. टी. ओ.ची संमती लागते. त्या संमतीची कथा मी सांगणार नाही. ती सांगायची तर हा लेख क्रमशः छापावा लागेल. अखेर दोन बाकं, एक ओटा, पाण्याची टाकी आणि पडद्याआड एक कमोड एवढा संसार आत बसला.

राहिली सुरक्षितता. चौतीस वर्षं तिजोरी सांभाळलेल्या माणसाची सुरक्षिततेची कल्पना काय असणार? बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणतात. साहेबांनी गाडीच्या दाराला आतून दोन कुलपं बसवली. एकाची किल्ली स्वतःच्या जानव्यात, दुसरीची काकूंच्या बटव्यात. “पण अहो, आपण दोघं आतच असणार ना?” काकूंनी विचारलं. साहेब म्हणाले, “पद्धत म्हणजे पद्धत.”

मुलानेही फोनवरून तीस-बत्तीस सूचना दिल्या. त्यांतली एकच कामाची होती, ती इथे देऊन ठेवतो. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. चोर निदान पायरव करतो. काकूंनी शेगडी मुकाट्याने माळ्यावर ठेवली आणि दोन घोंगड्या जास्त घेतल्या.

आता मुक्काम कुठे करायचा? महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं आहे. गाड्यांसाठी खास तळ असावेत, तिथे पाणी, वीज, शौचालय, राखण असावी, असं त्यात छान लिहिलं आहे. साहेबांनी ते लाल पेन्सिलने खुणा करत वाचलं आणि नकाशा पसरला. धोरण हातात होतं. आमच्या वाटेवर मात्र आम्हाला तळ सापडेना.

काकूंच्या मनात औदुंबर होतं. कृष्णाकाठ, दत्ताचं स्थान, घाट, डोह. पण त्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत आणि हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येऊन पडतात. माणसांवर हल्लेही झालेले आहेत. पेन्शनरांचाही हिवाळ्यातला मुख्य कार्यक्रम काठावर ऊन खाणं हाच असल्यामुळे एकाच वेळी एकाच जागेवर दोघांचा हक्क सांगणं साहेबांना प्रशस्त वाटेना. सज्जनगड त्यांना फार पटला, कारण तिथे रात्री गडाचे दरवाजे बंद होतात. पण गाडी पायऱ्या चढत नाही आणि काकूंचे गुडघेही. गोंदवल्याला राहण्याजेवणाची सोय उत्तम, माणसं सज्जन. मात्र तिथे गेलं की पहाटेच्या काकडआरतीला उठावं लागतं आणि साहेबांच्या मते ज्या सुरक्षिततेत झोप मिळत नाही ती काय कामाची! हमरस्त्यावरचा पेट्रोलपंप उजेडात असतो, पण रात्रभर ट्रकांचे हॉर्न. बामणोलीकडच्या तंबूंतून शनिवार-रविवार इतकी गाणी वाजतात की बिबट्यासुद्धा सोमवारीच येत असेल.

शेवटी कोकणात उतरायचं ठरलं आणि त्याआधी वाटेवर एका रात्रीची चाचणी. माझी नोकरी साताऱ्याला, त्यात दुसरा शनिवार, म्हणून मलाही साक्षीदार नेमण्यात आलं. सांगलीहून एम. एच. १०चं हे वऱ्हाड कऱ्हाडला आलं, तिथे मी चढलो आणि पाटणच्या रस्त्याला मल्हारपेठेच्या अलीकडे उसाच्या कडेला एक मोकळं रान पाहून आम्ही थांबलो. पाचच मिनिटांत शेतकरी आला.

“हितं नगा थांबू सायेब. ह्या फडात बिबट्या हाय. तिकडं धनगरांचा वाडा उतरलाय, त्यांच्या शेजारी लावा गाडी.”

दिवाळी झाली की माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूची मेंढपाळ कुटुंबं चाऱ्यासाठी बाहेर पडतात. पुष्कळ वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आत परततात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी तान्हं पोर. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, कारण लेंडीखत मिळतं. बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतो. म्हणजे हे लोक जिथे मुक्काम करतात तिथे भाडं देत नाहीत, घेतात! ऍरिझोनातल्या म्हाताऱ्यांना हे अजून जमलेलं नाही. शिवाय वाटेत साखर कारखान्यांच्या आसपास बीड-नगरकडच्या ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या दिसत होत्या. सहा-सहा महिने पाचटाच्या आडोशाला, बिबट्याच्या त्याच फडात, लहान पोरांसकट. ‘तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का?’ असं त्यांना मिनेसोटाहून कुणी फोन करून विचारत नाही.

वाड्यात एक सत्तरीचा म्हातारा होता. त्याने गाडी आतून-बाहेरून पाहिली, कमोडवर विशेष वेळ घालवला आणि विचारलं, “पोरगं हाय, पेन्शन हाय, दगडी घर हाय, मग हितं कशापायी आला?” साहेबांनी पुराची हकिगत सांगितली. म्हाताऱ्याने मान हलवली. एवढं त्याला समजलं.

रात्री साडेनऊला आम्ही दार लावलं. दोन कुलपं, दोन किल्ल्या, मी पुढच्या सीटवर. अडीच वाजता साहेबांना बाहेर जाण्याची गरज भासली. पडद्याआडच्या कमोडवर त्यांचा अजून विश्वास बसलेला नव्हता. त्यांची किल्ली तयार होती, पण दुसरी कस्टोडियन गोळी घेऊन गाढ झोपलेली. बटवा उशीखाली, उशी डोक्याखाली. साहेबांनी नियमाप्रमाणे आधी तोंडी विनंती केली, मग मोठ्याने. काकू दचकून उठल्या, त्यांना वाटलं चोरच आला. त्यांनी बटवा घट्ट धरला आणि काही केल्या सोडेनात. अर्धा तास आत पळापळ, भांडी पडताहेत, गाडी होडीसारखी डोलते आहे.

सकाळी म्हातारा चुलीपाशी बसला होता. “रातच्याला गाडीत काय चाललंवतं? आमी वरडत हुतो, कुत्री भुकत हुती. बिबट्या आल्ता. तुमास्नी ऐकू न्हाई आलं?”

“दार लावलं होतं,” साहेब म्हणाले.

“आन् कान बी?”

तेवढ्यात म्हाताऱ्याची सून मेंढरं मोजत बाहेर सोडत होती. कागद नाही, पेन्सिल नाही, नुसती नजर आणि ओठांची हालचाल. साहेब तिच्याकडे टक लावून पाहत राहिले. असं मोजणारं माणूस त्यांना आमच्या शाखेत कधी मिळालं नाही. ती थांबली आणि म्हणाली, “एक कमी हाय.”

साहेबांचा चेहरा उतरला. बँकेत रोकड कमी भरली तर कॅशियरला ती खिशातून भरून द्यावी लागते. संध्याकाळी एक नोट कमी आली की घशाखाली घास उतरत नाही, हे त्यांनी चौतीस वर्षं भोगलेलं. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. म्हातारा म्हणाला, “तुमी कशापायी? राखण आमची हुती.” मेंढी उसात सापडली, अर्धी खाल्लेली. म्हातारा तिच्यावर माती ओढणार, इतक्यात साहेब ओरडले, “हात लावू नका! व्हाउचर नष्ट करू नका!”

कारण बिबट्याने जनावर मारलं तर वनखातं भरपाई देतं; मात्र लगेच कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो, अर्ज, खातं, कागद. साहेबांनी गाडीतल्या ओट्यावर बसून अर्ज लिहिला. असा अर्ज मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. विषय, संदर्भ, वेळ, ठिकाण, मेंढीचं वर्णन, साक्षीदार दोन. वनरक्षक दुपारी आला तेव्हा त्याला फक्त सही करायची राहिली होती. वाड्यातल्या बायका काकूंना भाकरी शिकवत होत्या. काकूंना भाकरी पन्नास वर्षं येते. पण त्यांनी ती मुकाट्याने पुन्हा शिकून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो. गाडी मात्र पुढचे बारा दिवस वाड्याच्या मागोमाग मुक्काम-दर-मुक्काम सरकत होती. मेंढरं रानातून, साहेब डांबरी रस्त्याने. त्यांच्याकडे आधारकार्डं, पासबुकं, राहिलेले अर्ज घेऊन आजूबाजूच्या वाड्यांतलीही माणसं येऊ लागली. रात्री गाडी मेंढरांच्या वाघरीला लावून उभी करायची, खिडकी उघडी ठेवायची, पायरीवर वाड्यातलं एक कुत्रं झोपणार. काकूंच्या बाजूचं कुलूप काढून ते घोड्यावरच्या धान्याच्या पेटीला लावलं. कुंभार्ली घाट उतरून मंडळी चिपळूणला पोचली, तेव्हा काकूंचा फोन आला. ब्लडप्रेशर तपासून घेतलं, वाढलेलं नाही. साहेबांनी मोबाइलपुढे चेहरा धरून हयातीचा दाखलाही देऊन टाकला होता. मागे मेंढी आल्यामुळे दोनदा धरावा लागला, एवढंच.

“सगळं ठीक आहे,” काकू म्हणाल्या. “फक्त यांना रात्री घराची काळजी वाटते. रविवारी सांगलीला गेलास तर जरा कुलपं बघून येशील का?”

मी जाऊन आलो. तिन्ही कुलपं जागच्या जागी आहेत. अंगणातला पितळी नळ मात्र कुणीतरी काढून नेला आहे आणि त्या पाइपात लाकडाचा खुंटा ठोकून ठेवला आहे, पाणी वाया जाऊ नये म्हणून. हे चिपळूणला कळवावं की नाही, याचा मी अजून विचार करतो आहे.